शोकेसमागची भिंत

प्रिय अक्का,

दोन्ही हात जोडून नमस्कार. दाजींनाही सांग. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात जिना चढताना डावा कुरकुरतो असं लिहिलं होतंस; उजव्याने अजून त्याचं ऐकलं नसेल अशी आशा करतो. दाजींचा खोकला थांबला का? वरच्या मजल्यावर थोरल्या जाऊबाई सुखरूप असतीलच. (त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे, तेव्हा हे पत्र मोठ्याने वाचू नकोस. शक्यतो आतल्या खोलीत बसून वाच आणि सावकाश वाच. पत्र पोस्टाने न पाठवता माणसाच्या हाती पाठवतो आहे. त्याला पाणी विचार, लगेच वाटेला लावू नकोस. बाहेर काही खुडबुड ऐकू आली तरी वाचता वाचता उठू नकोस, गुडघ्यांना बरं नाही.) आम्ही तिघंही देवाच्या दयेने ठीक आहोत. घर तर आज जितकं ठीक आहे तितकं बावीस वर्षांत कधी नव्हतं, आणि तेच तुला सांगायचं आहे. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मधे बोलतेस, आणि तू मधे बोललीस की मी पुढचं विसरतो. हे मी पाटीवर पाढे लिहायचो तेव्हापासूनचं आहे.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी मी आंघोळ करून नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत जपाची माळ घेऊन बसलो. ती खोली तुझ्या डोळ्यांसमोर आहेच. एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी, तिसऱ्या बाजूला सोफा, आणि चौथ्या बाजूला, जिकडे तोंड करून मी बसतो तिकडे, आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तू पाठवलेलं शोकेस. छताला टेकलेलं, काचेचे चार कप्पे, खाली तीन खण, आणि मागे आरसा. कप्प्यांत तू दर वर्षी येताना आणलेली काचेची बदकं, चिनी मातीचे पोपट, शिंपल्यांची होडी, टोपलीतली मांजरं; सगळे मिळून एकेचाळीस नग. आरशामुळे ब्याऐंशी. आणि त्यांच्या बरोबर मधोमध त्र्याऐंशीवा मी. डोळे मिटलेले असतात तोवर जप बरा चालतो. पण माणसाचे डोळे कधीतरी उघडतातच, आणि उघडले की समोर मी, माझ्या एका खांद्यावर बदक आणि दुसऱ्यावर पोपट. बावीस वर्षं मी रोज देवाचं नाव घेत स्वतःचं तोंड बघतो आहे. यातून भक्ती किती वाढली हे देव जाणे, आपलं नाक डावीकडे किंचित वाकडं आहे एवढं मात्र मला पक्कं कळलं.

त्या मंगळवारी मला जोराची शिंक आली आणि हातातली माळ उडून शोकेसच्या मागच्या फटीत पडली. आधी मी सगळ्यांत लांब दांड्याचा ब्रश घालून पाहिला. नाही आली. मग देवाचं नाव घेऊन शोकेस वीतभर पुढे ओढलं. (घाबरू नकोस, एकही बदक पडलं नाही.) फटीत डोकं आणि एक खांदा घातला, माळ उचलली, आणि तिथेच थबकलो. अक्का, समोर भिंत होती. बावीस वर्षांपूर्वी मीच दिलेला पांढरा रंग, त्यावर ना खिळा, ना डाग, ना तेलकट हाताचा ठसा. तिच्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच माझी नजर तिच्यावरून हलेना. मी त्याच अवस्थेत, गाल भिंतीला लावून, जपाची एक माळ पूर्ण केली. इतकं शांत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. एवढ्यात तुझी भावजय चहा घेऊन आली. तिला शोकेसमागून बाहेर आलेला अर्धा नवरा दिसला. मी अडकलो आहे असं समजून तिने कप खाली ठेवला आणि माझा पाय धरून ओढायला सुरुवात केली. देवापासून मला इतक्या जोराने आजवर कुणी ओढलं नव्हतं.

त्याच दिवशी मी ठरवलं, मला ही भिंत हवी. संपूर्ण घरात एवढी एक भिंत, आणि तिच्यासमोर बसायला चटईभर जागा. मागणं मोठं नव्हतं. पण भिंत आणि मी यांच्यामध्ये शोकेस होतं, आणि शोकेसमागे, अक्का, तू उभी होतीस.

खरं म्हणजे मला हे आधीच सुचायला हवं होतं. तीस वर्षं मी दुकानांच्या पाट्या रंगवतो आहे, आणि तीस वर्षं गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगतो आहे, की अक्षराला श्वास घ्यायला जागा लागते. ते ऐकत नाहीत. परवा एक चप्पल शिवणारा आला. त्याला पाटीवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, दुकानाची वेळ, सुट्टीचा वार, दोन फोन नंबर, चपलेचं चित्र, बुटाचं चित्र आणि शिवाय आमची दुसरी शाखा नाही हेही हवं होतं. मी म्हटलं, थोडी जागा मोकळी ठेवू. तो म्हणाला, पाटी अख्खी घेतली आहे तर अख्खी भरा. मी त्याला मनात हसलो आणि घरी येऊन एकेचाळीस नगांसमोर जपाला बसलो. माझं घर म्हणजे त्याचीच पाटी होती.

भिंतीचं मी लेकीजवळ बोललो. ती हल्ली लोकांची घरं आतून सजवून देणाऱ्या ऑफिसात कामाला लागली आहे. तिचा चेहरा एकदम उजळला. म्हणाली, बाबा, याला मिनिमलिझम म्हणतात, कमीत कमी वस्तूंचं घर, लोक यासाठी आमच्याकडे रांग लावतात. मी म्हटलं, आम्ही लहान होतो तेव्हा आमच्या घरात दोन चटया, एक पेटी आणि एक कंदील होता, आणि बघायला कुणीही रांग लावली नव्हती. पण तिने मनावर घेतलं. रविवारी ती तीन मोठी खोकी घेऊन आली. एकावर तिने लिहिलं ‘ठेवायचं’, दुसऱ्यावर ‘द्यायचं’, तिसऱ्यावर ‘टाकायचं’. (अक्षर बरं आहे तिचं, फक्त मात्रा फार उडवते.) नियम एकच. वस्तू हातात घ्यायची आणि गेल्या वर्षभरात वापरली का, एवढं विचारायचं. तुझ्या भावजयीने शांतपणे चौथं खोकं आणलं आणि मला त्यावर ‘बघू’ असं लिहायला सांगितलं. दुपारपर्यंत पहिली तीन खोकी तळाशी दोन-दोन वस्तू घेऊन बसली होती आणि ‘बघू’ची पाच खोकी भरली होती. तिच्याकडे झाकण नसलेल्या सव्वीस बरण्या आणि बरणी नसलेली एकोणीस झाकणं निघाली. लेकीने विचारलं, हे कशासाठी? तर म्हणाली, कधीतरी त्यांची गाठ पडेल. असं बोलल्यावर माणसाने काय टाकायचं?

माझीही अब्रू राहिली नाही. पलंगाखाली रंगाचे चौसष्ट डबे निघाले, प्रत्येकात तळाला बोटभर वाळलेला रंग. लेकीने नियमाप्रमाणे विचारलं. मी तिला सांगू लागलो, हा हिरवा औषधांच्या दुकानाचा, हा निळा त्या घड्याळवाल्याचा, त्याने पाटी लागायच्या आधीच दुकान बंद केलं. ती म्हणाली, बाबा, वर्षभरात वापरला का? मी मान खाली घातली. डबे गेले. (याविषयी इथे एवढंच.)

शेजारणीचं प्रकरण तर वेगळंच. पुढच्या रविवारी ‘द्यायचं’ खोक्यात साठलेल्या सात वस्तू तुझी भावजय तिला नेऊन देऊन आली. शेजारीण बाई मानी. घेतलं की दिल्याशिवाय तिला चैन पडत नाही. संध्याकाळपर्यंत आमच्याकडे तिच्या नऊ वस्तू आल्या, त्यांतल्या दोन गेल्या वर्षभरात आम्हीच तिला दिलेल्या. शेवटी लेकीने स्वतः जाऊन तिला मिनिमलिझम समजावून सांगितला. तो तिला इतका पटला की तिने आणखी चार वस्तू आणून दिल्या.

पण आम्ही हटलो नाही. तीन रविवार लागले. बरण्यांची झाकणांशी जमेल तेवढी लग्नं लावली आणि उरलेल्यांना निरोप दिला. सोफा गेला, टीपॉय गेला, बंद पडलेली दोन घड्याळं गेली. बाहेरची खोली रिकामी झाली, हाक मारली तर आवाज घुमायला लागला. आणि त्या रिकाम्या खोलीत एकटं शोकेस उरलं, आधीपेक्षा दुप्पट मोठं होऊन. लेकीच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई मुद्दाम घर बघायला आल्या. चहूकडे फिरल्या, वाहवा केली, आणि शोकेससमोर येऊन अदबीने विचारलं, हे संग्रहालय कुणाचं? आम्ही तिघांनीही एकदम दाराकडे पाहिलं, जणू तू आत येत होतीस.

आता तुला खरं सांगतो, आमच्या घरात तुझी भीती आहे. प्रेमाची भीती, पण भीतीच. तू येतेस ती चप्पल काढून आधी शोकेसपाशी जातेस, काचेवरून बोट फिरवतेस, मनात नग मोजतेस आणि मग आम्ही कसे आहोत ते विचारतेस. एका वर्षी तुझ्या भावजयीच्या हातून बदकाची मान तुटली होती. तिने ती इतक्या बारकाईने चिकटवली की मलाही ओळखता येईना. तू दारातूनच विचारलंस, बदकाला काय झालं? तेव्हापासून तिने माझ्याजवळ एकच गोष्ट मागितली आहे, की दुसरं काहीही काढा, अगदी मला काढा, पण त्याला हात लावू नका. त्यामुळे लेकीने शोकेसपुढे उभं राहून नियमाचा प्रश्न विचारला तेव्हा तुझी भावजय मधे येऊन उभी राहिली. मी एवढंच म्हटलं, ते अक्काचं आहे. त्यावर तिने लिहायचा खडू खिशात ठेवला.

शेवटी असा तह झाला की शोकेस काढायचं नाही, फक्त आतल्या खोलीत हलवायचं. भिंत मला मिळेल आणि शोकेस घरातच राहील. गेल्या शनिवारी ओळखीचा सुतार आला. नग कागदात गुंडाळून खोक्यांत भरले. सुताराने आणि मी शोकेस ओढून पूर्ण फिरवलं, त्याची पाठ खोलीकडे केली. आणि पाठीच्या फळीवर मजकूर होता.

तुला माहीत आहे, कुठेही अक्षर दिसलं की मी आधी वळण बघतो, मग वाचतो. सगळ्यांत खाली जुना लाल तेलरंग होता, चांगल्या सरावलेल्या हाताचा: ‘साहेबांस बदलीनिमित्त सप्रेम भेट, समस्त कचेरी.’ बदली झालेले हे साहेब कोण, तर तुझे थोरले दीर. त्याच्यावर एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला, टपोऱ्या शाईच्या अक्षरांत: ‘धाकटीस नव्या घरासाठी, थोरलीकडून.’ आणि त्याच्याही वर, खडूने, ठसठशीत: ‘भावाकडे. काच जपून. घरी कुणी नसलं तरी परत आणू नये, दारात ठेवून यावं.’ तेवढ्या दोन ओळींतही मला ओळख पटली. असा लांब पायांचा ‘र’ या जगात एकच बाई काढते, आणि तिनेच मला तो काढायला शिकवला.

लेकीने मोठ्याने वाचलं. तुझी भावजय खाली बसली (बसायला दुसरं काही राहिलंच नव्हतं) आणि खडूच्या ओळी पुन्हा एकदा स्वतः वाचल्या. मग म्हणाली, “अहो, म्हणजे वन्संनासुद्धा हे नकोच होतं.” आणि जी हसत सुटली ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बावीस वर्षांची भीती अशी एका दमात बाहेर पडताना मी प्रथमच पाहिली. सुतारही हसला, त्याला काही कळलं नव्हतं तरी.

मग एकेक उलगडत गेलं. दहा वर्षांपूर्वी थोरल्या जाऊबाई तुझ्याबरोबर आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा तू आत शिरताच शोकेसवर आमची पलंगावरची चादर टाकलीस आणि दोन तास त्याला पाठ लावून बसलीस. उन्हाने काच खराब होते, म्हणालीस. त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आम्ही पुढे कित्येक महिने उन्हात चादर टाकत होतो. दर वर्षीची पाखरं कुठून येतात याचाही मला अंदाज आला. तुझ्या जाऊबाई दर वाढदिवसाला तुला काही ना काही देतात असं तू एकदा बोलली होतीस.

खोटं बोलत नाही, अक्का, घटकाभर मला वाईट वाटलं. मी समजत होतो, तू ते आमच्यासाठी हौसेने घेतलंस. तुझी माया आहे म्हणून मी बदकं सोसली. रविवारची पूर्ण दुपार मी त्या फळीसमोर बसून विचार केला. मग आठवलं, गावातल्या शाळेत मास्तर आठवड्यातून दोनदा यायचे आणि बाकीचे दिवस तू मला अंगणात बसवून शिकवायचीस. जुनं पुसलं नाही की नवीन लिहू द्यायची नाहीस. मी फडक्याने अर्धवट पुसायचो, तर तू माझ्या हातातून पाटी घेऊन स्वतःच्या पदराने पुसायचीस. तो पदर पांढरा व्हायचा, त्यावरून आई तुला रागवायची. माया त्या पदरात होती. मी उगाच तिला शोकेसमध्ये शोधत बसलो. आणि दुसरं म्हणजे, नको असलेली वस्तू घराबाहेर काढायची ही विद्या आमच्या लेकीला ऑफिसात शिकावी लागली, तुला ती बावीस वर्षांपूर्वी येत होती. या घराण्यातली पहिली मिनिमलिस्ट तूच. मी फक्त तुझा धडा गिरवला.

काल संध्याकाळी मी ती फळी साफ केली. तुझा खडू ओल्या फडक्याने पुसला (आधी पाच मिनिटं नुसता बघितला), जाऊबाईंचा कागद खरवडला, कचेरीचा लाल रंग घासून काढला, आणि वर रंगाचा पातळसा एक हात दिला. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं लिहिली, नावं पुसून फळी कोरी करायचं काम मी पहिल्यांदा केलं. हात चांगला बसला.

आणि आज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी शोकेस घराबाहेर गेलं. चार माणसं लागली. दाराच्या चौकटीत ते क्षणभर अडलं, आमचा सगळ्यांचा श्वास अडला, आणि मग सुटलं. मी चटई टाकली आणि भिंतीसमोर बसलो. समोर बदक नाही, पोपट नाही, वाकडं नाक नाही. पुढेही मोकळं आणि हातही अगदी मोकळे. डोळे उघडले तरी मिटल्यासारखेच. हे मी करून दाखवलं, अक्का, तुझ्या भावाने, जो तुझ्यासमोर आजवर मोठ्याने शिंकलासुद्धा नाही.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून,
तुझा धाकटा

ता. क. पत्र लांबलं याची क्षमा कर. ते वाचून होईपर्यंत शोकेस खाली उतरवायला माणसांना वेळ मिळावा, एवढाच हेतू होता. पत्र घेऊन आलेला माणूस म्हणजे टेम्पोवाला. तू तेव्हाच्या टेम्पोवाल्याला परत आणू नये असं बजावलं होतंस हे मला मान्य आहे. पण हा टेम्पोवाला वेगळा आहे आणि त्याला तसं कुणीच सांगितलेलं नाही. तुझी वस्तू परक्याच्या दारात टाकायला माझं मन धजेना. दुपारी दोन ते चार जाऊबाई झोपतात असं तूच कळवलं होतंस, म्हणून त्याला बरोबर त्याच वेळात पोचायला सांगितलं आहे. मागच्या फळीवर आता कुणाचंही नाव नाही. पुढचं नाव तू ठरव. अक्षर सुबक हवं असेल तर मी स्वतः येऊन लिहून देईन.

ता. क. २ एक विनंती राहिली, आणि खरं तर तेवढीच आहे. सामान बांधताना हरवू नये म्हणून मी माझी जपाची माळ शोकेसच्या मधल्या खणात ठेवली होती, आणि ती तिथेच राहिली. भिंतीसमोर बसल्यावर आठवलं. टेम्पो अजून खाली उभा आहे, पण सगळं दोरांनी आवळलं आहे, आणि टेम्पोवाला म्हणतो, एकदा सोडलं तर आज पुन्हा बांधणार नाही, शोकेस वर ठेवून जाईन. मी दोन्हींचा विचार केला आणि माळ जाऊ दिली. ती तेवढी परत पाठव.

ता. क. ३ वन्सं, नमस्कार. हे चहा घ्यायला उठले आहेत तेवढ्यात लिहिते. चौसष्ट डबे गेले असं यांनी लिहिलं आहे. ते पलंगाखालून कपाटामागे गेले आहेत. चिकटवलेलं बदक मात्र मी ठेवून घेतलं, त्याची आता सवय झाली आहे. तेव्हा चाळीसच भरतील. माळ नक्की पाठवा. ती ठेवायला डबी पाठवू नका.